दरडीनंतरचा डोंगर

आषाढ-श्रावणाच्या संधिकाळात सह्याद्रीच्या कुशीतील एखादी वाडी दरडीखाली गाडली गेल्याचे वृत्त महाराष्ट्राला आता अपरिचित राहिलेले नाही. जुलै 2005 मध्ये महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते; 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण; 22 जुलै 2021 रोजी पुन्हा महाड तालुक्यातलेच तळिये; आणि 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी. माळीणमध्ये दीडशेहून अधिक आणि तळियेत ऐंशीहून अधिक माणसे दगावली. इर्शाळवाडीत 27 मृतदेह हाती लागले. पन्नासहून अधिक माणसे ढिगाऱ्याखालीच राहिली. प्रत्येक दुर्घटनेनंतरचा क्रम ठरल्यासारखा असतो. बचावकार्य, नेत्यांच्या भेटी, मदतीची घोषणा, पुनर्वसनाची जागा आणि तिच्याविषयीचे वाद. या साऱ्यात एका प्रश्नाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ज्या डोंगराची कूस फाटली, त्या डोंगराचे पुढे काय होते?

दोन-चार पावसाळे गेले की त्या उघड्या तांबूस पट्ट्यावर हिरवे गवत दिसू लागते आणि जखम भरून आली असे समजून सर्वजण आपापल्या उद्योगाला लागतात. नेमकी हीच समजूत तपासून पाहण्याची वेळ आली आहे. डोंगरावर हिरवळ परतणे आणि डोंगरावर माती परतणे या दोन भिन्न घटना असून त्यांच्या कालमानात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. हे अंतर ध्यानात न घेतल्यामुळे वस्ती कोठे असावी, झाडे कोठे लावावीत, यंत्र कोठे चालवू नये, यांसारखे निर्णय आपण एखाद्या अर्थसंकल्पाच्या मुदतीत बसवू पाहतो. डोंगराचा हिशेब मात्र शतकांचा असतो.

उथळ दरडीची घडण

सह्याद्री हा लाव्ह्याचे थरांवर थर साचून झालेला पर्वत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या काळ्या पाषाणाची ऊन, पाणी आणि वनस्पती यांच्यामुळे झीज होऊन मुरूम तयार होतो; मुरमाचे आणखी विघटन होऊन त्यात पालापाचोळा कुजून मिसळला म्हणजे माती होते. खाली कातळ, मध्ये मुरूम आणि वर माती अशी ही उतरंड आहे. भूशास्त्रज्ञ दरडींचे स्थूलमानाने दोन वर्ग करतात. पहिल्या वर्गात डोंगराचा मोठा भाग खडकासकट सरकतो. दुसऱ्या वर्गात वरची माती आणि मुरमाचा काही भाग एवढाच, बहुधा मीटर-दोन मीटर जाडीचा थर, खालच्या कठीण पृष्ठभागावरून निसटतो आणि पाण्यात मिसळून चिखलाच्या लोंढ्यासारखा खाली धावतो. अतिवृष्टीच्या काळात जंगलांच्या उतारांवर कोसळणाऱ्या दरडींपैकी बहुसंख्य या दुसऱ्या, म्हणजे उथळ वर्गातल्या असतात. त्यांतील एखादीच वस्तीवर येते आणि वर्तमानपत्रात पोचते; बाकीच्या रानातल्या रानात कोसळतात आणि त्यांचे व्रण तेवढे दुरून दिसत राहतात.

तीव्र उतारावरील माती जागच्या जागी राहते ती तीन गोष्टींच्या बळावर. कणाकणांमधील घर्षण ही पहिली, चिकणमातीचा चिकटपणा ही दुसरी आणि झाडांच्या मुळांनी घातलेली वीण ही तिसरी. मुसळधार पाऊस सलग पडू लागला की पाणी मातीतून झिरपत खालच्या कठीण थरापाशी थबकते, तेथून वर चढू लागते, आणि त्याच्या दाबाने कण एकमेकांपासून उचलले जाऊन घर्षण घटते. अशा वेळी थराची जाडी निर्णायक ठरते. थर पातळ असेल तर मुळे त्यातून आरपार जाऊन मुरमाच्या भेगांत शिरतात आणि खुंटीने कातडे ताणून ठोकावे त्याप्रमाणे माती जखडून ठेवतात. थर जाड होत गेला म्हणजे त्याचे वजन वाढत जाते. मुळांची खोली मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. तात्पर्य, प्रत्येक उताराला पेलवेल अशी मातीच्या जाडीची एक मर्यादा असते. ती मर्यादा गाठेपर्यंत उतार मोठमोठे पाऊस झेलतो. ती ओलांडल्यानंतर तो केवळ एका पुरेशा मोठ्या पावसाची वाट पाहत असतो.

भरणारी आणि रिती होणारी कणगी

हे एकदा लक्षात आले म्हणजे दरडीकडे पाहण्याची दृष्टी बदलते. डोंगराच्या अंगावर जागोजागी खोलगट पन्हळी असतात. वर्षातील आठ महिने त्या कोरड्या असतात आणि पावसाळ्यातही त्यांतून ओढा वाहतोच असे नाही. आजूबाजूच्या उतारांवरून सरकत आलेली माती या पन्हळींत साचत राहते. शेतकऱ्याच्या घरातील कणगीत सुगीमागून सुगी धान्य पडत जावे तसा हा साठा वाढत असतो. एके वर्षी असाधारण पाऊस होतो, पाणी नेमके याच पन्हळींत एकवटते आणि शतकानुशतकांची ही कणगी काही मिनिटांत रिती होते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया व ओरेगन राज्यांच्या किनारी डोंगरांत अशा पन्हळींचा फार बारकाईने अभ्यास झालेला आहे. तेथील पन्हळींच्या तळाशी सापडलेल्या कोळशाच्या कणांचे वय किरणोत्सारी कार्बनच्या साहाय्याने काढले असता त्यांतील माती हजारो वर्षांपासून साचत आल्याचे दिसून आले. जपानच्या वनाच्छादित डोंगरांत दरडींच्या जुन्या व्रणांवर वाढलेल्या झाडांची वलये मोजून त्या दरडी कधी कोसळल्या असाव्यात याचा अंदाज बांधण्यात आला. दक्षिण क्यूशूमध्ये ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या ठिसूळ उतारांवर दरडीचे हे चक्र तुलनेने लवकर फिरते; कठीण ग्रॅनाइटच्या डोंगरांत त्याला कितीतरी अधिक काळ लागतो. एकदा दरड कोसळून गेलेल्या जागेला काही काळ दुसऱ्या दरडीचे भय नसते, कारण घसरण्याजोगी मातीच तेथे उरलेली नसते. देवी येऊन गेलेल्या माणसाला पुन्हा देवी येत नाहीत, तसलाच हा प्रकार असल्याने तिकडच्या अभ्यासकांनी त्याला रोगप्रतिकारशक्तीची उपमा दिली आहे.

मात्र ही उपमा जपून वापरावयास हवी. प्रतिकारशक्ती लाभते ती रित्या झालेल्या पन्हळीला. सबंध डोंगराला नव्हे. उलट दरडीच्या माथ्यावर एक उभा तुटलेला कडा शिल्लक राहतो, त्याचा खालचा आधार गेलेला असतो, आणि शेजारच्या पन्हळी पूर्वीइतक्याच भरलेल्या असतात. केरळमधील वायनाड जिल्ह्यात 30 जुलै 2024 रोजी मुंडक्कै आणि चूरलमला या वस्त्यांवर जो लोंढा आला, त्याचा उगम जुन्या दरडीच्याच जागी झाल्याचे भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या उपग्रह-छायाचित्रांवरून आढळून आले. त्या एका पहाटे अडीचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तेथून जवळच असलेल्या पुथुमला येथे 2019 च्या ऑगस्टमध्ये दरड कोसळलेली होती. ‘एकदा झाले, आता पुन्हा होणार नाही’ हा दिलासा अशा प्रदेशात किती पोकळ ठरू शकतो हे यावरून दिसून येईल.

माती परत कशी येते?

आता त्या रित्या झालेल्या जागेकडे वळू. दरडीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत तेथे येणारी माती ही नव्याने घडलेली नसते. ती कडेची माती असते. व्रणाच्या माथ्यावरील आणि दोन्ही बाजूंच्या तुटलेल्या कडा पावसापावसाने ढासळत राहतात आणि त्यांचा राडा व्रणाच्या तळाशी जमतो. त्यातील बारीक कण पाण्याबरोबर वाहून जातात व खडे-गोटे मागे राहतात. उघड्या मुरमावर उन्हाचा ताप इतका असतो आणि पाणी इतके थोडे टिकते, की बियांना तेथे रुजणे कठीण जाते. शेवाळ, दगडफूल, नेचे आणि चिवट गवते ही या ओसाडीतील पहिली वस्ती. सह्याद्रीत पावसाळ्यात तेरड्यासारखी अल्पायुषी झुडपे अशा जागी उगवतात, कारवी कडेकडेने आत सरकते, आणि दुर्दैवाने घाणेरी व रानमोडी या परदेशांतून आलेल्या झुडपांनाही अशीच मोकळी जागा मानवते. हिमालयात हे काम उत्तीस नावाचा वृक्ष करतो. त्याच्या मुळांवरील गाठींतील सूक्ष्म जीव हवेतील नत्र जमिनीत बांधून ठेवतात, म्हणून जेथे इतर झाडे उपाशी राहतील तेथे उत्तीस तग धरतो.

यानंतर आजूबाजूच्या उभ्या जंगलाची खरी मदत सुरू होते. वरच्या बाजूच्या झाडांची पाने व्रणात येऊन पडतात. मोडलेल्या फांद्या आणि आडवे झालेले बुंधे छोट्या बांधांसारखे काम करतात आणि त्यांच्यामागे माती अडते. पाखरे व वटवाघळे फळे खाऊन बिया टाकून जातात. मुंग्या, वाळवी, गांडुळे, खेकडे, उंदीर आणि रानडुकरे जमीन उकरतात; उतारावर उकरलेली माती थोडी का होईना खालच्याच अंगाला पडते. चार्ल्स डार्विनने आयुष्याच्या अखेरीस, 1881 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात इंग्लंडमधील गांडुळे एका एकरात वर्षाकाठी दहा टनांहून अधिक माती पोटातून काढून पृष्ठभागावर आणतात असा हिशेब मांडला होता. त्यावेळी अनेकांना तो विषय क्षुल्लक वाटला असेल. परंतु डोंगराच्या दृष्टीने पाहता हे प्राणी म्हणजे अहोरात्र राबणारे हमालच होत. एखादे मोठे झाड वादळात उन्मळून पडते तेव्हा मुळांच्या जाळ्याबरोबर मुरमाचे तुकडे उचकटले जातात आणि जी झीज व्हायला एरवी अनेक वर्षे लागली असती ती एका क्षणात होते.

याच्याही खाली तिसरी आणि सर्वांत मंद क्रिया चालू असते, ती म्हणजे खडकापासून माती घडण्याची. मुळांच्या श्वसनातून आणि पालापाचोळ्याच्या कुजण्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून सौम्य आम्ल तयार होते व ते पाषाणातील खनिजे कुरतडते. बेसाल्टचा गोटा फोडला असता कांद्याच्या पापुद्र्यांसारखे त्याचे पदर सुटतात, ते याच क्रियेचे फळ होय. येथे निसर्गाची एक विलक्षण अट आहे. खडक अगदी उघडा असेल तर पाणी त्यावर ठरत नाही व विघटन मंदावते. वर मातीचे पातळ पांघरूण असेल तर ओल टिकते आणि विघटन वेग घेते. पांघरूण फार जाड झाले तर मात्र खालचा खडक हवापाण्यापासून दुरावतो. अमेरिकन भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी 1877 साली यूटामधील हेन्री पर्वतावरील आपल्या अहवालात हा विचार मांडला होता. म्हणजे थोडी माती असल्यावाचून अधिक माती होत नाही. ज्याच्या गाठीला भांडवल नाही त्याला व्याज कोठून मिळणार? दरडीने सारे भांडवलच नेलेले असते, म्हणून पहिली काही दशके सर्वांत कठीण जातात.

वर्षे, दशके आणि सहस्रके

या सर्व क्रियांना लागतो तरी किती काळ? येथे एका आकड्याने भागत नाही, कारण परतावयाच्या गोष्टी अनेक आहेत.

गवत-झुडपांचे आच्छादन काही वर्षांत येते. तरुण झाडांची दाटी, वर जंगल शाबूत असल्यास, दोन-तीन दशकांत होते. कॅरिबियन समुद्रातील प्वेर्तो रिको बेटावर उष्ण कटिबंधातील वनांमधील दरडींचा दीर्घकाळ अभ्यास चालू आहे. 2017 साली ‘मारिया’ या चक्रीवादळाने या एका बेटावर चाळीस हजारांहून अधिक दरडी कोसळवल्या. तेथील अनुभव असा, की जुन्या दरडींवर वरच्या काही सेंटिमीटर मातीतील पोषकद्रव्ये सुमारे अर्ध्या शतकात बऱ्याच अंशी पूर्ववत होतात. परंतु काही व्रणांवर नेच्यांची इतकी घट्ट जाळी माजते की झाडांच्या रोपांना वर्षानुवर्षे डोके वर काढता येत नाही. न्यूझीलंडमध्ये जंगल तोडून गायराने केलेल्या टेकड्यांवरील व्रणांची पाहणी झाली आहे. तेथे गवताचे उत्पन्न पहिल्या वीसेक वर्षांत शेजारच्या न घसरलेल्या जमिनीच्या सुमारे चार-पंचमांशापर्यंत पोचते आणि त्यानंतर जणू अडून बसते. उरलेला एक-पंचमांश कोणत्याही पिढीला आपल्या हयातीत परत मिळत नाही.

मातीच्या जाडीचा हिशेब तर याहून कठोर आहे. कॅलिफोर्नियातील एका खोऱ्यात वैश्विक किरणांमुळे खडकात तयार होणाऱ्या बेरिलियम आणि अॅल्युमिनियमच्या दुर्मिळ अणूंचे प्रमाण मोजून खडकापासून माती किती वेगाने घडते हे ठरवण्यात आले. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या त्या मोजणीनुसार उघड्या खडकावर हा वेग अधिकात अधिक असून तो दहा लाख वर्षांत 77 मीटर इतका भरतो, आणि मातीचा थर जसजसा जाड होतो तसतसा तो झपाट्याने घटतो. दहा लाख वर्षांतील 77 मीटर म्हणजे हजार वर्षांत अवघे 77 मिलिमीटर. या वेगाने केवळ खडकापासून मीटरभर माती होण्यास बारा-तेरा हजार वर्षे लागतील. सह्याद्रीची हवा अधिक उष्ण व दमट आहे, आणि बेसाल्ट हा ग्रॅनाइटपेक्षा लवकर झिजणारा खडक आहे. त्यामुळे येथील वेग अधिक असणार हे उघड आहे. शिवाय पन्हळीत चहूबाजूंची माती सरकून येत असल्याने ती उघड्या उतारापेक्षा लवकर भरते. तळाशी मुरूम शिल्लक राहिला असेल तर सुधारणा लवकर, कातळ उघडा पडला असेल तर फार उशिरा, असाही भेद एकाच डोंगरावर दोन व्रणांमध्ये दिसतो. या सर्व सवलती जमेस धरल्या तरी हा हिशेब शतकांतच मोजावा लागतो. पाच वर्षांच्या योजनेत तो बसवता येत नाही.

जंगलाचे दुहेरी कार्य

येथवर वाचून कोणी म्हणेल, की जंगल जर माती साठवते आणि साठलेली मातीच पुढे कोसळते, तर मग जंगलच दरडीला कारण ठरले! या आक्षेपात सत्याचा अंश आहे आणि तो टाळून जाण्यात अर्थ नाही. ‘झाडे लावा, दरडी थांबतील’ ही घोषणा शब्दशः खरी नाही. घनदाट अरण्यांतही दरडी कोसळतात; माणूस पृथ्वीवर येण्यापूर्वीही त्या कोसळत होत्या. जंगलाचे कार्य दरड कायमची थांबवणे हे नाही. दोन दरडींमधील अंतर लांबवणे, उताराला अधिक माती पेलण्याचे बळ देणे आणि कोसळल्यानंतर ती माती पुन्हा उभी करणे ही त्याची कार्ये आहेत. 1988 च्या मार्चमध्ये ‘बोला’ या वादळाने न्यूझीलंडचा पूर्व किनारा झोडपला तेव्हा वाढलेल्या जंगलाखालील उतारांवर गायरानांच्या तुलनेने कितीतरी पटींनी कमी दरडी कोसळल्या.

खरा धोका निर्माण होतो तो जंगलाने साठवलेली माती तशीच ठेवून जंगल काढून टाकण्यात. झाड तोडल्याबरोबर मुळांची पकड सुटत नाही. मुळे जमिनीत राहतात आणि हळूहळू कुजतात. नवी झाडे लावली तरी त्यांची मुळे पसरण्यास काळ जातो. त्यामुळे तोडीनंतर साधारणपणे तीन ते पंधरा वर्षांच्या दरम्यान एक असा कालखंड येतो, की ज्यात जुन्या मुळांचे बळ संपलेले असते आणि नव्यांचे आलेले नसते. हा अवधी फार फसवा आहे. तोड करणारा ठेकेदार तोवर निघून गेलेला असतो, अधिकाऱ्याची बदली झालेली असते आणि डोंगर हिरवाही दिसत असतो. मग एका रात्री दरड कोसळते आणि दोष पावसाच्या माथी मारला जातो.

पाऊस अर्थातच निर्दोष नाही, आणि त्याचे स्वरूपही बदलत आहे. 22 जुलै 2021 रोजी, तळियेवर दरड कोसळली त्याच दिवशी, महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. याचा अर्थ डोंगराच्या भाषेत असा होतो : जो उतार पूर्वीच्या पावसात दीड मीटर माती सुखाने पेलत होता, तोच उतार नव्या पावसात तेवढी माती पेलू शकेल याची शाश्वती उरलेली नाही. कणगी जुनीच आहे. तिची भिंत मात्र कमकुवत झाली आहे. त्यामुळे ज्या पन्हळी आणखी शंभर-दोनशे वर्षे भरत राहिल्या असत्या त्या अकाली रित्या होण्याचा संभव आहे, आणि रित्या झाल्यावर भरून येण्याचा वेग काही त्याबरोबर वाढणार नाही.

सह्याद्रीचा जमाखर्च

या पार्श्वभूमीवर सह्याद्रीतील आपला व्यवहार तपासला तर तो केवळ खर्चाचा दिसतो. भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याकरिता फांद्या छाटण्याची आणि उतारावर नाचणी-वरी पिकवण्याची चाल येथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. लोकसंख्या विरळ होती आणि जमीन अनेक वर्षे पडीक ठेवता येत होती तोवर डोंगराने हा भार सोसला. पोटाला दुसरा आधार नसलेल्या महादेव कोळी, ठाकर, कातकरी बांधवांना याबद्दल दोष देणे हे अन्यायाचे होईल. त्यांच्या कुदळीने डोंगराला पडणारा ओरखडा आणि आज यंत्राने एका दिवसात पडणारा खड्डा यांत तुलनाच होऊ शकत नाही. माळीणच्या दुर्घटनेनंतर डोंगरावर यंत्रांनी केलेले सपाटीकरण तिला कितपत कारणीभूत होते यावर बराच वाद झाला. त्या एका गावापुरता निर्णय काहीही असो. उताराचा पायथा कापला किंवा मधोमध सपाट पट्टी काढली की वरच्या मातीचा आधार जातो आणि पाण्याची वाट बदलते, हे बांधकामाची प्राथमिक माहिती असलेल्या कोणालाही मान्य व्हावे. घाटातील रस्ते, डोंगरमाथ्यावरील बंगले आणि त्यांच्यासाठी काढलेल्या वाटा हे सारे याच सदरात मोडते.

दुसऱ्या बाजूला आपण जमेची म्हणून जी नोंद करतो, ती वृक्षारोपणाची. 2019 साली महाराष्ट्रात 33 कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडण्यात आला होता. अशा मोहिमांमागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु दरडीच्या ताज्या व्रणावर खड्डे खणून रोपे लावणे म्हणजे नुकत्याच खपली धरलेल्या जखमेवरील खपली काढण्यासारखे आहे. खड्ड्यात पाणी साचते, सैल मुरूम आणखी सैल होतो, आणि गिरिपुष्प, सुबाभूळ किंवा निलगिरी यांसारखी एकाच जातीची रांगेत लावलेली झाडे डोळ्यांना हिरवी दिसली तरी नाना जातींच्या, उथळ-खोल मुळांच्या रानाची जागा घेऊ शकत नाहीत. व्रणाला मुख्यतः दोन गोष्टी हव्या असतात. गुरे, वणवा आणि यंत्र यांपासून संरक्षण ही पहिली, आणि वरच्या अंगाला उभे जंगल ही दुसरी. त्या मिळाल्या तर बाकीचे काम रान स्वतःच करते. मदतच करावयाची तर आडव्या टाकलेल्या फांद्यांनी माती अडवावी, स्थानिक गवतांचे बी विखुरावे, कडेच्या पाण्याला वेगळी वाट काढून द्यावी. ही कामे स्वस्त आहेत, त्यांत गावातील माणसांना मजुरी मिळते, आणि उद्घाटनाचा फलक लावण्यास त्यांत जागा नसते, हाच काय तो त्यांचा दोष.

मूळचे रान कसे असते हे पाहण्यासाठी फार दूर जाण्याचेही कारण नाही. सह्याद्रीत गावोगावी देवाच्या नावाने राखलेल्या राया आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात त्यांचा शास्त्रीय अभ्यास करून त्यांचे महत्त्व जगापुढे मांडले. ज्या देवराईत शतकानुशतके कुऱ्हाड लागलेली नाही तेथील जमिनीवर पाऊल ठेवले तर पालापाचोळ्याच्या थरात ते रुतते. लगतच्या उघड्या उतारावर तेच पाऊल मुरमावर घसरते. दोन्ही जागी डोंगर एकच आणि पाऊसही एकच. मधले अंतर आहे ते पिढ्यांच्या संयमाचे. दरडीच्या व्रणांना बीज पुरवणारी कोठारे म्हणूनही या रायांचे मोल मोठे आहे.

करावयाचे काय?

यातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, धोक्याचे नकाशे काढताना केवळ जेथे दरडी कोसळल्या तेवढ्याच जागा दाखवून भागणार नाही. ज्या पन्हळी अद्याप भरलेल्या आहेत त्या शोधणे अधिक निकडीचे आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने देशभरातील दरडप्रवण प्रदेशांचे नकाशे केलेले आहेत. परंतु ते तालुका पातळीवर अडकून न राहता वाडीपर्यंत पोचले पाहिजेत. शाळेतील शिक्षकाने वर्गातील मुलांना घेऊन गावामागच्या डोंगरावर कोठे पन्हळ आहे, तिच्यात माती किती खोल आहे, पावसात कोठे नवे झरे फुटतात, कोठे झाडे कलली आहेत, याची दरवर्षी नोंद केली तर भूगोलाचा तो उत्तम पाठ होईल आणि प्रसंगी जीवही वाचतील.

दुसरी गोष्ट, पन्हळीच्या तोंडाशी वस्ती असता कामा नये, आणि असेल तर तेथील माणसांना पावसाळ्यापूर्वी, त्यांच्या शेतीपासून फार दूर न लोटता, सुरक्षित जागी हलवले पाहिजे. पुनर्वसन हे दुर्घटनेनंतर द्यावयाचे दान असू नये.

तिसरी गोष्ट धोरणाची. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पश्चिम घाटाविषयीचा आपला अहवाल 2011 साली सादर केला. त्यानंतर कस्तुरीरंगन समितीने 2013 साली सौम्य शिफारशी केल्या. संवेदनक्षम क्षेत्राच्या अधिसूचनेचा सहावा मसुदा 31 जुलै 2024 रोजी, म्हणजे वायनाडच्या दुर्घटनेच्या दुसऱ्याच दिवशी, प्रसिद्ध झाला. एका दशकाहून अधिक काळात सहा मसुदे! या काळात माळीण, तळिये आणि इर्शाळवाडी घडून गेली. अहवालांतील प्रत्येक शिफारस शिरोधार्य मानावी असे नाही. स्थानिक लोकांच्या उपजीविकेचे प्रश्न खरे आहेत आणि त्यांना विचारल्यावाचून लादलेला नियम टिकत नाही. परंतु तीव्र उतारावरील रान तोडू नये, पायथा कापू नये आणि दरडीच्या व्रणांना हात लावू नये, एवढ्या किमान गोष्टींविषयी तरी मतभेद असण्याचे कारण दिसत नाही.

विटा-सिमेंटची घरे नव्या गावात पुन्हा बांधता येतात, आणि ती बांधलीच पाहिजेत. गेलेली माणसे परत येत नाहीत, हे त्या गावांना कोणी सांगावयास नको. गेलेली माती मात्र परत येते. ती परत आणणारे गवत, गांडूळ, मुंगी आणि झाड कोणतीही मजुरी मागत नाहीत. त्यांना हवा असतो तो वेळ, आणि आपण त्यांच्या वाटेत न येणे. ज्या उतारावर आज दरडीचा व्रण दिसतो, तेथे रान पुन्हा दाट होईल आणि पावलाखाली मऊ माती लागेल, तेव्हा आपल्यापैकी कोणीही ते पाहावयास असणार नाही. तरीही त्या रानाची राखण आजच्याच पिढीने सुरू करावयास हवी, कारण ती आणखी एक पिढी लांबली तर डोंगर तेवढा काळ उघडाच राहील आणि पायथ्याशी त्या काळातही माणसे राहतच असतील.